हाती नकाशा, पायी डोंगर

बायकांना रस्ते लक्षात राहत नाहीत, हा समज आपल्या घरोघरी मोठ्या जिव्हाळ्याने जपलेला आहे. पुरुष परगावी निघाला तर त्याला कोणी काही सांगत नाही. बाई निघाली की तिच्या हाती डबा, पाण्याची बाटली आणि उपदेशाची एक पुरचुंडी देण्यात येते. ‘चौकात उतर, कोणाला तरी विचार, भलतीकडे वळू नकोस.’ मी एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. समोच्च रेषा, प्रमाण, दिशा, चिन्हे हे सारे मुली किती चटकन उचलतात ते मी रोज पाहत होते. परंतु शाळा सुटली की नकाशा दप्तरात जाई आणि तीच मुलगी पुन्हा वाट विचारणारी होई. ही गोष्ट मला नेहमी खटकत आली.

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे यंदा एक सूचना आलेली आहे. वस्तीतील मुलींसाठी हिवाळ्यात दर रविवारी सकाळी नकाशा व होकायंत्र घेऊन धावण्याचा सराव सुरू करावा, अशी ती सूचना. माझी भाची हा खेळ खेळते आणि मोबदला न घेता शिकवण्यास तयार आहे. सभेत सूचनेवर दोन तट पडले. ‘मुली सुदृढ होतील’ असे काही भगिनी म्हणाल्या. ‘रानावनात मुलींना एकट्या सोडावयाचे म्हणजे काय!’ असे इतर काही जणी म्हणाल्या. शेवटी निर्णय वार्षिक सभेवर सोपवण्यात आला. मत देण्यापूर्वी हा खेळ काय आहे, तो कोठून आला, आपल्या नागपूरशी त्याचे काय नाते आहे आणि त्यात शिरताना बायकांना काय सोसावे लागले, हे सर्वांस ठाऊक असावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

खेळाचा जन्म

या खेळाचे नाव ओरिएंटियरिंग. नाव अवघड आहे, खेळ मात्र समजण्यास सोपा आहे. रानात किंवा डोंगरात काही ठिकाणी नारिंगी-पांढरी निशाणे लावून ठेवलेली असतात. त्या ठिकाणांना आपण ठाणी म्हणू. स्पर्धकाच्या हाती निघतेवेळी एक नकाशा येतो. त्यावर ठाणी गोल वर्तुळांनी दाखवलेली असून त्यांस क्रमांक दिलेले असतात. क्रमाने एकेक ठाणे गाठावयाचे, तेथील चिमट्याने आपल्या पत्रिकेवर खूण करावयाची आणि पुढे धावावयाचे. आता चिमट्याच्या जागी बहुधा विजेचे छोटे यंत्र आलेले आहे. दोन ठाण्यांमधील रस्ता कोणी आखून दिलेला नसतो. टेकडी चढून सरळ जावे की वळसा घालून पायवाटेने जावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. त्यामुळे नुसते जोरात धावणारा मनुष्य येथे जिंकतोच असे नाही. चुकीच्या दिशेने जितके जोरात धावावे तितके अधिक लांब जाणे होते!

‘ओरिएंटियरिंग’ हा शब्द १८८६ मध्ये स्वीडनच्या लष्करी शाळेत प्रथम वापरला गेला. अनोळखी मुलुख नकाशा व होकायंत्राच्या साहाय्याने ओलांडणे, एवढाच त्याचा अर्थ होता. सैनिकांचे हे शिक्षण लवकरच नागरिकांचा खेळ झाले. ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेमध्ये ओस्लोजवळ नागरिकांसाठी पहिली स्पर्धा झाली. तीत केवळ आठ धावपटू होते आणि ठाणी तीन होती. या खेळाला खरे बाळसे चढवले ते स्वीडनमधील मेजर एर्न्स्ट किलांडर या बालवीर चळवळीतील गृहस्थाने. तरुण मंडळी मैदानावर त्याच त्या फेऱ्या मारण्यास कंटाळली आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. तेव्हा मैदान सोडून त्यांना रानात न्यावे, असे त्याने ठरवले. मार्च १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ त्याने भरवलेल्या शर्यतीत दोनशेहून अधिक लोक धावले. पुढे १९३० नंतरच्या काळात पारदर्शक पट्टीवर बसवलेले, आत द्रव भरलेले होकायंत्र स्वीडनमध्ये तयार झाले. त्याची सुई लवकर स्थिर होते व नकाशावर ठेवून चटकन दिशा घेता येते. त्यामुळे धावता धावता दिशा पाहणे शक्य झाले. १९६१ मध्ये कोपनहेगन येथे दहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला आणि १९६६ मध्ये फिनलंडमध्ये फिस्कार्स येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

नागपूरचा दगड

हा खेळ नॉर्वे-स्वीडनचा, त्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण नकाशाचा इतिहास आपल्या दारावरून गेलेला आहे. विधानभवनाजवळचा शून्य मैलाचा स्तंभ आणि त्याच्याजवळचे चार घोडे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. ‘हा हिंदुस्थानचा मध्यबिंदू’ असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. ती लोकसमजूत आहे. दगडावरील मजकूर वाचला तर हा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ सालचा उंची मोजण्याचा प्रमाणबिंदू आहे असे कळते. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,०२० फूट आहे. जवळच्या दगडावर हैद्राबाद, रायपूर, जबलपूर, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरे कोरलेली आहेत. मध्यबिंदू असो वा नसो, या मुलुखातील उंची मोजण्यासाठी ज्या खुणा वापरण्यात आल्या त्यांपैकी एक आपल्या गावात उभी आहे, हा मान काही लहान नव्हे.

हे प्रचंड सर्वेक्षण १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ सुरू केले. साडेसात मैलांची पहिली पायारेषा साखळीने मोजण्यास त्याला ५७ दिवस लागले. पुढे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट यंत्र डोंगरांच्या माथ्यावर व देवळांच्या गोपुरांवर चढवीत, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत, त्याची माणसे उत्तरेकडे सरकत राहिली. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना ते यंत्र आदळून नादुरुस्त झाले, तेव्हा लॅम्बटनने स्वतः बसून ते दुरुस्त केले. वयाच्या सत्तरीच्या आसपास, हैद्राबादहून नागपूरकडे मुक्काम हलवीत असता, २० जानेवारी १८२३ रोजी तो वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. १८५२ मध्ये राधानाथ सिकदार यांच्या गणिताने जगातील सर्वोच्च शिखराची उंची निश्चित झाली, तेही याच सर्वेक्षणातून. शिखराला मात्र नाव मिळाले साहेबाचे. ज्यांनी खांद्यावर यंत्रे वाहिली, निशाणे धरली आणि रानातल्या तापाने प्राण गमावले, त्यांची नावे कोठेच नाहीत.

या सगळ्यातून जो नकाशा निघाला तो सरकारचा व सैन्याचा झाला. नागपूर शहर जुन्या पद्धतीच्या ‘५५ ओ/४’ या पत्रावर येते. त्याचे प्रमाण १ : ५०,००० म्हणजे नकाशावरील एक सेंटिमीटर जमिनीवरचे अर्धा किलोमीटर. सीमेलगतच्या व किनाऱ्यालगतच्या मोठ्या पट्ट्यांचे नकाशे सामान्य माणसास पुष्कळ वर्षे मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लोकांसाठी वेगळी नकाशामाला ठरवली आणि २०२१ मध्ये नियम बरेच सैल झाले. तोवर नकाशा म्हणजे कचेरीतील कपाटात कुलूपबंद असावयाची वस्तू, अशीच सर्वसाधारण समजूत होती. आपल्या देशात हा खेळ मुख्यतः सैन्यात का वाढला आणि मोहल्ल्यात का आला नाही, याचे एक कारण मला यातच दिसते. मुलींपर्यंत नकाशा पोचला तो राष्ट्रीय छात्रसेनेमुळे. तिचा मुलींचा विभाग १९४९ मध्ये सुरू झाला आणि नकाशावाचन हा तिच्या शिक्षणाचा भाग आहे.

बायकांना मनाई

आता दुसऱ्या अर्ध्या भागाकडे, म्हणजे धावण्याकडे, वळू. बायकांच्या धावण्याचा इतिहास हा बहुतांशी मनाईचा इतिहास आहे. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये एकही स्त्री नव्हती. १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे बायकांना प्रथमच ८०० मीटर धावण्याची परवानगी मिळाली. शर्यतीनंतर काही जणी दमून मैदानावर बसल्या. दमलेले पुरुष कोणाला खुपत नव्हते. दमलेल्या बायका पाहून मात्र वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केले आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद झाली. बत्तीस वर्षे! एका पिढीच्या मुली शाळेतून बाहेर पडल्या, त्यांची लग्ने झाली, त्यांच्या मुली मोठ्या झाल्या, तरी दोन फेऱ्या धावण्यास बंदीच. फार धावले तर बाईचे गर्भाशय जागचे हलते, असे ठामपणे सांगणारे लोक त्या काळी होते. मात्र विहिरीवरून घागरी वाहणाऱ्या, रोवणीला दिवसभर वाकणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाची चिंता कोणाला पडल्याचे ऐकिवात नाही.

१९५५ मध्ये स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस या सर्वोच्च डोंगराच्या शर्यतीत कॅथलीन कॉनॉकी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीला नाव नोंदवू दिले नाही. पुरुष निघून दोन मिनिटे झाल्यावर ती त्यांच्यामागून निघाली, माथा गाठून तीन तासांहून थोड्या अधिक वेळात खाली आली आणि कोणाही डॉक्टरची गरज तिला पडली नाही. अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये १९६६ साली बॉबी गिब झुडपात लपून राहिली व शर्यत सुरू होताच बाहेर पडून धावली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्वित्झर हिने अर्जावर नावाची नुसती आद्याक्षरे लिहिली. बाई धावत आहे हे पाहताच एक अधिकारी तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढण्यास रस्त्यात धावला. तो प्रसंग छायाचित्रांत टिपला गेला आणि जगभर गेला. बोस्टनने बायकांस रीतसर प्रवेश दिला तो १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन येण्यास १९८४ साल उजाडावे लागले.

या पार्श्वभूमीवर नकाशाच्या खेळाकडे पाहिले म्हणजे मोठा आनंद होतो. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे १९२५ मध्येच बायकांची स्वतंत्र स्पर्धा झाली होती. १९६६ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेतही बायकांची शर्यत होतीच. ती स्वीडनच्या उला लिंडक्विस्ट हिने जिंकली. म्हणजे ज्या काळी बोस्टनला बाई झुडपात लपत होती, त्याच वर्षी फिनलंडच्या रानात बायका उघड माथ्याने नकाशा घेऊन धावत होत्या. स्वित्झर्लंडच्या सिमोन निग्ली-लुडर हिने २००१ ते २०१३ या काळात जागतिक स्पर्धांत २३ सुवर्णपदके मिळवली. ती तीन मुलांची आई आहे. पहिली मुलगी २००८ मध्ये झाली, २०११ मध्ये जुळी झाली आणि त्यानंतरही ती जिंकत राहिली. लग्न व मुले म्हणजे खेळाचा शेवट, असे मानणाऱ्या घरांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

डोंगरातील दोन दिवस

याच खेळाचे थोरले भावंड म्हणजे पर्वत-मॅरेथॉन. इंग्लंडमध्ये १९६८ साली गेरी चार्नली याने तिची सुरुवात केली. ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे तिकडे पाऊस, धुके आणि बोचरी थंडी यांचा हंगाम असताना, ती भरते. दोघांची जोडी असते. दोन दिवस डोंगरातून ठाणी शोधीत धावावयाचे आणि मधली रात्र उघड्यावर तंबूत काढावयाची. तंबू, पांघरूण, चूल, अन्न सारे पाठीवर. बाहेरून कोणाचीही मदत घ्यावयाची नाही. जोडीदाराला मागे सोडून कोणी पुढे जाऊ शकत नाही. दोघे एकत्रच ठाण्यावर आले पाहिजेत. या नियमामुळे तेथे शक्तीइतकाच समजूतदारपणा लागतो. जो दमला त्याचे ओझे दुसऱ्याने घ्यावे, जो घाबरला त्याला दुसऱ्याने धीर द्यावा. संसार केलेल्या भगिनींना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

या प्रकारच्या धावण्यात जास्मिन पॅरिस या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी जे केले ते ऐकून मन थक्क होते. २०१९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या पेनाइन डोंगरातील २६८ मैलांची शर्यत त्यांनी ८३ तास १२ मिनिटांत पुरी केली. त्या बायकांतच नव्हे, तर सर्व स्पर्धकांत पहिल्या आल्या. त्यांची मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती आणि वाटेतील मुक्कामांवर थांबून त्या तिच्यासाठी दूध काढून ठेवीत होत्या. पुढे मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील टेनेसीच्या रानात होणारी ‘बार्कली मॅरेथॉन’ त्यांनी पुरी केली. तेथे पाच फेरे साठ तासांत पुरे करावे लागतात. रस्ता आखलेला नसतो, उपग्रहावरून वाट दाखवणारी यंत्रे चालत नाहीत. नकाशा आणि होकायंत्र एवढाच आधार. रानात ठिकठिकाणी पुस्तके ठेवलेली असतात व आपल्या क्रमांकाचे पान फाडून आणावे लागते. पुस्तक फाडल्याबद्दल शाबासकी मिळण्याचे हे एकच ठिकाण असावे! पॅरिसबाई ५९ तास ५८ मिनिटे २१ सेकंदांनी परतल्या. त्यापूर्वी कोणाही स्त्रीला हे साधले नव्हते.

आपल्या मातीतल्या

परदेशाची उदाहरणे पुष्कळ झाली. आपल्याकडे काय आहे? रायगडाच्या हिरकणीची कथा आपण पाळण्यापासून ऐकत आलो. दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ती माउली रात्री कडा उतरून गेली. ती आख्यायिका आहे, परंतु ज्या समाजाने ती जपली त्याला बाईच्या पायांतील बळ ठाऊक होते एवढे निश्चित. आपल्या विदर्भातील बायका पिढ्यान्‌पिढ्या नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वार यात्रेला जात आल्या आहेत. भर पावसात, निसरड्या दगडांवरून, लोक ज्यांना ‘सात डोंगर’ म्हणतात ते चढायचे-उतरायचे. सातपुड्यातील सर्वांत उंच धूपगड तेथून जवळच. त्याला आपण शर्यत म्हटले नाही, पदक दिले नाही, म्हणून ते श्रम काही कमी होत नाहीत. नऊवारीचा काचा मारून नागद्वारला जाऊन आलेल्या आजीला ‘बायकांना डोंगर झेपत नाही’ असे कोणी सांगून पाहावे!

लांब पल्ल्याच्या शर्यतीची परंपराही आपल्या भाषेच्या मुलुखाची आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यती पाहून दोराबजी टाटा यांनी जो संघ पाठवण्याचा उद्योग केला, त्यात ते होते. आपल्या विदर्भात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनला देशी व्यायामप्रकार करून दाखवले. बायकांना मात्र वाट पाहावी लागली. १९५२ मध्ये हेलसिंकीला नीलिमा घोष व मुंबईच्या मेरी डिसोझा या भारताच्या पहिल्या स्त्री धावपटू गेल्या. त्यांच्या शर्यती अर्थात कमी पल्ल्याच्या होत्या.

पुढे डोंगरातल्या मुली पुढे आल्या. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत डोंगरवाटांवर अनवाणी धावत मोठी झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. लोकांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हटले. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर दुष्काळी मुलुखातली. तिने मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत लागोपाठ तीन वर्षे पहिला क्रमांक घेतला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला अडथळ्यांच्या ३,००० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत जाऊन ती दहावी आली. पी. टी. उषा यांच्या १९८४ च्या शर्यतीनंतर बत्तीस वर्षांनी भारतीय स्त्री प्राथमिक फेरी पार करून ऑलिंपिकच्या धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत दिसली. साताऱ्याला २०१२ पासून यवतेश्वराचा घाट चढून कासच्या दिशेने जाणारी डोंगरी अर्धमॅरेथॉन भरते; तीत गृहिणी, शिक्षिका, डॉक्टर बायका मोठ्या संख्येने उतरतात. आपल्याकडे डोंगर आहेत आणि धावणाऱ्या आहेत. राहिला तो नकाशा.

सराव कसा होतो

आता प्रत्यक्ष सरावाबद्दल. नागपूरचा उन्हाळा या खेळाला चालत नाही. सराव कार्तिकापासून माघापर्यंत, तोही सकाळी सहा ते साडेआठ. पहिला महिना धावणे नाहीच. शंभर मीटरची दोरी टाकून आपली किती पावले होतात ते मोजावयाचे. डावा पाय पडेल तेव्हाच मोजले तर हिशेब सोपा जातो. सपाटीवर किती, चढावर किती, झुडपांतून किती, हे प्रत्येकीचे निराळे आणि प्रत्येकीने आपले वहीत टिपावयाचे. मग नकाशा हातात धरून चालणे. नकाशा नेहमी जमिनीप्रमाणे फिरवून धरावयाचा आणि आपण जेथे आहोत तेथे अंगठा ठेवावयाचा. आपण पुढे सरकलो की अंगठाही सरकतो. एवढी एकच सवय लागली तर वाट चुकणे निम्म्यावर येते.

या खेळाचा नकाशा शाळेतल्या नकाशासारखा नसतो. त्याचे प्रमाण बहुधा १ : १५,००० किंवा १ : १०,००० असते, त्यामुळे मोठा दगड, ओढा, कुंपणही दिसते. रंगांचा अर्थही उलटा आहे. आपल्या नेहमीच्या नकाशात हिरवे म्हणजे रान. येथे मोकळे, धावण्याजोगे रान पांढरे असते आणि हिरवे जितके गडद तितकी झाडी दाट. पिवळे म्हणजे उघडी जमीन, निळे पाणी, काळे खडक व माणसाने बांधलेले, तपकिरी समोच्च रेषा. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की उतार सौम्य. सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरावयास जाणाऱ्या भगिनींनी हा चढ पायांनी अनुभवलेलाच आहे. तो कागदावर कसा दिसतो एवढेच शिकावयाचे.

मग युक्त्या येतात. ओढ्याच्या काठावरचे ठाणे गाठावयाचे असेल तर नेमके त्याच्यावर नेम धरू नये; मुद्दाम थोडे डावीकडे जावे, म्हणजे ओढा लागताच ‘आता उजवीकडे वळावयाचे’ हे निश्चित असते. लहान खूण शोधण्यापूर्वी जवळची एखादी मोठी, न चुकणारी खूण गाठावी, जसे तळ्याचे टोक किंवा पायवाटांचा तिठा, आणि तेथून सावकाश जावे. आणि वाट हरवलीच तर घाबरून पळत सुटू नये. थांबावे, श्वास घ्यावा, शेवटी नक्की कोठे होतो ते आठवावे व तेथवर परत जावे. माझ्या भाचीच्या सरावाला मी दोन हिवाळे जाऊन बसले आहे. मुलींमध्ये जो फरक पडतो तो पायांत पडतो त्यापेक्षा अधिक येथे पडतो. सुरुवातीस प्रत्येक तिठ्यावर मागे वळून ‘मावशी, इकडे ना?’ असे विचारणारी मुलगी दोन महिन्यांनी विचारीनाशी होते. ती नकाशाकडे पाहते, झाडांकडे पाहते आणि निघते.

शंका आणि उत्तरे

सभेत निघालेल्या शंका खोट्या नव्हत्या. सुरक्षिततेची शंका तर प्रत्येक आईच्या मनात येणारच. म्हणून योजनेत असे ठरवले आहे की मुली दोघी-दोघींनीच जातील, प्रत्येकीच्या गळ्यात शिट्टी राहील, परतण्याची वेळ बांधलेली राहील आणि निघणाऱ्या व परतणाऱ्या मुलींची नोंद मंडळाच्या दोन भगिनी वहीत ठेवतील. या खेळाचा जगभर पाळला जाणारा एक नियम आहे: शर्यत अर्धवट सोडली तरी शेवटच्या ठिकाणी येऊन हजेरी दिलीच पाहिजे. असा शिस्तीचा खेळ दुसरा क्वचितच असेल. जागेसाठी वनखात्याची व उद्यानाच्या व्यवस्थापकांची परवानगी आधी घ्यावी लागेल. तो अर्ज तयार आहे. खर्चाची म्हणाल, तर होकायंत्रे, शिट्ट्या व नकाशांच्या छापील प्रती एवढेच लागते. मंडळाच्या कोजागरीच्या खर्चाहून ते अधिक होणार नाही. अभ्यास बुडेल अशी भीती घालण्यात आली. रविवारच्या अडीच तासांत कोणाचा अभ्यास बुडत असेल तर तो सोमवारीही बुडतच असणार.

‘आमच्या वेळी हे कोठे होते?’ असे एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात विरोध नव्हता, हळहळ होती, असे मला वाटले. आमच्या वेळी हे नव्हते हे खरे. आमच्या वेळी सायकल चालवणारी मुलगीदेखील मोहल्ल्यात चर्चेचा विषय होती. पण त्या भगिनी स्वतः दोनदा नागद्वारला जाऊन आलेल्या आहेत, हेही मला ठाऊक आहे. वहीत नोंद ठेवण्याच्या कामासाठी मी त्यांचेच नाव सुचवणार आहे.

दोन शतकांपूर्वी या मुलुखाचा नकाशा करणाऱ्या माणसाने हिंगणघाटला देह ठेवला. तो नकाशा राज्यकर्त्यांसाठी होता. आज तो आपल्या मुलींना घेता येतो, त्यासाठी कोणाची मनाई नाही. उरली आहे ती आपली सवय. उद्या या मुली शिकावयास पुण्याला, बंगलोरला, कदाचित समुद्रापलीकडे जातील. प्रत्येक वेळी वाट सांगणारे कोणी तेथे असेलच असे नाही आणि जो सांगेल तो भला असेलच असेही नाही. तेव्हा त्यांना उपदेशाच्या पुरचुंडीपेक्षा स्वतःची दिशा स्वतः घेण्याची सवय अधिक उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते.

वार्षिक सभेस सर्व भगिनींनी आपापल्या मुली-सुनांसह अवश्य यावे, शंका असतील त्या मोकळेपणाने मांडाव्यात आणि मग मत द्यावे. सूचना मंजूर झाली तर पहिला सराव कार्तिकातील पहिल्या रविवारी सकाळी सहा वाजता होईल. पायांत साधे कापडी बूट व डोक्याला रुमाल असला म्हणजे पुरे. नकाशा मंडळ देईल.